लांडगीण आणि मी

या ग्रुपवरचे अनुभव नात मला वाचून दाखवते. वडाखाली उभी असलेली बाई, बंद खोलीतला खोकला, गाडी थांबवून लिफ्ट मागणारा म्हातारा... वाचून झालं की ती विचारते, "आजी, खरं असेल का गं?" मी म्हणते, पोट साफ नसलं की दिसतं असलं काहीबाही. हे मी लग्नाआधीपासून म्हणत आले आहे. माझे वडील कळंबला शाळामास्तर. अंगात आलेल्या बाईला तांब्याभर गार पाणी पाजून घरी पाठवणारा माणूस. त्यांची मी मुलगी. भूत, करणी, लागीर, कशावरही माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. तरी हे लिहायला बसले, कारण माझ्या बाबतीत जे घडलं त्यात भूत नव्हतंच. त्यात माझा नवरा होता, आणि एक दुसरी होती.

माझं सासर नळदुर्गाजवळ. गावाचं नाव सांगत नाही, पुतणे अजून तिथं नांदतात. गावाखाली काळी रानं, आणि गावाच्या वरच्या अंगाला माळ. दगड, कुसळी गवत, तरवडाची झुडपं, मधूनच एखादी बोर. माळ संपला की एक घळ. पावसाळ्यात तिथून पाणी वाहायचं, एरवी कोरडीठाक. तेव्हा जिल्ह्याला उस्मानाबाद म्हणत. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. निजाम जाऊन वर्षं झाली तरी आमच्या सासूबाई कोर्टाला अदालत आणि दवाखान्याला इस्पितळच म्हणायच्या.

आमचे हे म्हणजे उंच, सडपातळ, बोलायला कमी. पेरणीला त्यांच्यासारखी पाभर धरणारा गावात दुसरा नव्हता. नवरा देखणा असला की बाईला आधी आनंद होतो आणि मग धास्ती लागते. मला दोन्ही एकाच आठवड्यात झालं. पाणवठ्यावर कुणी त्यांच्याकडे पाहून हसलं, तरी माझी घागर जड व्हायची. स्वभावच तसा, त्याला मी काय करू?

त्यांचं नाव मी अजून घेतलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तो विसरभोळेपणा नाही. सगळं त्या नावावरच अडलं होतं.

सासरच्या घराण्यात खंडोबाचा एक नेम होता. पौषातल्या यात्रेत घरातल्या थोरल्या मुलानं देवाचा कुत्रा व्हायचं. हात पाठीमागं बांधून गुडघ्यावर बसायचं, पुढ्यात कोटंबा ठेवतात... म्हणजे लाकडी चौकोनी भांडं. त्यातला भाकरीचा काला तोंडानंच खायचा, भुंकायचं. खाऊन झालं की घरच्या बाईनं त्याच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावायचा आणि नावानं हाक मारायची. तो 'जी' म्हणून उठला की पुन्हा माणूस. लग्न होईपर्यंत हे काम आईचं, लग्नानंतर बायकोचं.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच पौषात ते माझ्याकडे आलं. भोवती सगळी भावकी, मामेसासरे, चुलतसासरे, ढोल वाजतायत, भंडारा उधळतोय, आणि मी डोक्यावरचा पदर सावरत नवऱ्याचं नाव घ्यायचं! उखाण्यातसुद्धा माझी जीभ चाचरायची. मी भंडारा लावला, वाकले, आणि त्यांच्या कानात म्हणाले, "अहो... उठा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा वेळ पाहतच राहिले. मग उठले. 'जी' म्हणाले की नाही, ते ढोलात ऐकू आलं नाही. चूक म्हणाल तर म्हणा. पण त्या काळातली, भर यात्रेत थोरामोठ्यांसमोर नवऱ्याला नावानं बोलावणारी सून मला दाखवा, मग बोला.

त्यानंतर तूर काढायचे दिवस आले आणि हे दुपारचे नाहीसे व्हायला लागले. रात्री नव्हे बरं का. रात्री माझ्या शेजारी घोरत असायचे. भर दुपारी, जेव्हा गडीमाणसं झाडाखाली भाकरी सोडून बसतात, तेव्हा हे उठून माळाकडे जायचे. दिवस कलता कलता घरी परतायचे ते आजारी होऊनच. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. तळहात खरखरीत, नखं मुळाशी काळी पडलेली. घोंगडी पांघरून पडायचे आणि घागरभर पाणी प्यायचे. मी विचारलं की, "ऊन लागलं." रोज ऊन लागतं? आणि सदऱ्याला येणारा तो वास... सुकलेल्या गवताचा, मातीचा, आणि त्यात कुणाचा तरी. तो माझा नव्हता.

एका दुपारी भाकरी घेऊन मीच रानात गेले. हे नव्हते. माळावर चढले, तर बोरीच्या बुंध्याशी त्यांचं धोतर, सदरा, पटका. नीट घडी घालून वर दगड ठेवलेला. आता भर दुपारी धोतर काढून ठेवून माणूस कुठं जातो, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मी ती घडी पायानं उडवली आणि घरी येऊन चुलीपुढं बसले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते धुरानं येतंय असं सासूबाईंना सांगितलं.

पण रडून गप्प बसणाऱ्यातली मी नव्हे. मला तिचं तोंड पाहायचं होतं. गावातली एकेक बाई मी मनात उभी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या आधीच माळावर जाऊन तरवडाआड बसले. तिला झिंज्या धरून ओढायचं, एवढं ठरवूनच.

हे आले. कपडे काढले, घडी घातली, वर दगड ठेवला. मग सकाळी खाल्लेलं सगळं ओकून टाकलं आणि गुडघ्यावर बसले. मला वाटलं, चक्कर आली. मी उठणार, तेवढ्यात पाठीचे मणके कातडीखालून वर यायला लागले. माणसाचे खांदे बाजूला असतात. ते सरकत छातीखाली आले. गळ्याखाली जे आडवं हाड असतं ना, ते मोडल्याशिवाय खांदे तसे येत नाहीत. ते मोडलं. वाळली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज मी या कानांनी ऐकला. मग टाचा उचलल्या गेल्या, पावलं लांब झाली आणि सगळा भार चवड्यांवर आला. जबडा पुढं सरकताना तोंडातून लाळ आणि रक्त आलं, कारण जास्तीचे दात हिरड्या फाडून बाहेर येत होते. कान वर चढले. केस सगळ्यात शेवटी फुटले. घामाची कातडी गेली, आणि तोंड उघडून जीभ काढून धापा टाकायला लागले. माझ्यासमोर एक लांडगा उभा होता. राखी-तांबूस, लांब पायांचा, सडपातळ.

मी घाबरले का? घाबरले असेन. पण खरं सांगू, मला आठवतं ते वेगळंच. हाडं मोडत असताना त्यांच्या तोंडावर दुःख नव्हतं. घाई होती. लग्नघटकेला नवऱ्यामुलाला असते तशी घाई. माझ्याशी लग्न लागताना ती मला दिसली नव्हती.

आणि मग ती आली, घळीकडून. अंगानं लहान, मानेवरचे केस दाट, डोळे पिवळे. येऊन तिनं यांच्या तोंडावरचं रक्त चाटलं. ह्यांनी मान खाली घातली आणि घशातून एक बारीक आवाज काढला, कण्हण्यासारखा, पण लाडाचा. मग तिनं वास घेत माझ्याकडे पाहिलं. पळाली नाही. 'तू होय ती?' असं विचारावं तसं पाहिलं, आणि वळून चालायला लागली. हे तिच्या मागोमाग गेले. मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

झिंज्या धरायला गेले होते. लांडगिणीच्या झिंज्या कशा धरतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

संध्याकाळी हे घोंगडी पांघरून पडले होते. मी उशाशी जाऊन बसले. "कोण ती?"

"तुला दिसली?"

"डोळे आहेत मला."

"मंग इचारतीस कशाला?"

"तिकडं असताना मी ध्यानात असते का तुमच्या?"

त्यांनी घोंगडी गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाले, "तिथं नाव न्हाय, गाव न्हाय. आपुन कोन त्येबी ठावं नसतंय. भाकरीचा वास ध्यानात ऱ्हातो बग. त्या वासानं घराची वाट घावती."

म्हणजे भाकरी ध्यानात राहते. मी नाही. त्या दिवशी मला माझ्याच भाकरीचा राग आला.

तिथून पुढं आमचा संसार असा झाला. जाताना मोडलेलं सगळं माणूस होताना पुन्हा मोडायचं, आणि जाताना न ओरडणारा माणूस येताना ओरडायचा. माळावर ओरडून घेऊन मग घरी येत. रात्रभर मी गळ्याखालच्या हाडाला आंबेहळदीचा लेप लावायची. चवड्यांवर चालून पोटऱ्या आखडलेल्या असत, त्या तेल लावून रगडायची. हुलग्याचं माडगं चमच्यानं पाजायची, कारण जबडा उघडत नसे. जास्तीचे दात हिरडीत परत जाताना आपले मूळचे दात हलवून जात. जेवताना एखादा हातावर पडायचा. डोक्यावरचे केस उशीला चिकटून येत. माकडहाडाशी एक गाठ राहिली होती, तिच्यामुळं उताणं झोपता येत नसे. आणि कान एवढे तिखट झालेले, की मी दुसऱ्या खोलीत बांगडी सारली तरी कळवळून उठत.

माझा जळफळाट कशाचा होता ते सांगते. तिला जो मिळायचा तो धावणारा, उड्या मारणारा, दमसासाचा. माझ्याकडे यायचा तो तापलेला, दात हललेला, पाय आखडलेला. ताकद तिची, आजारपण माझं. बाईमाणूस सवत असती तर निदान वार तरी वाटून घेतले असते.

त्यातही एक गोष्ट मला फार लागली. एकदा तापात माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "आज कुंकू लावलं न्हाईस व्हय?" मी तर चांगलं ठसठशीत लावलेलं होतं. चेष्टा वाटली. मग लक्षात आलं, लाल रंगच त्यांना दिसत नव्हता. चुलीतला विस्तव राखाडी, मिरच्या राखाडी, माझं कुंकू राखाडी. ते म्हणाले, तिकडं लाल नसतंच. दोन-चार दिवसांनी रंग परत येईल म्हणायचे, पण तोवर ते पुन्हा माळावर गेलेले असत. नटायचं कुणासाठी, सांगा.

नळदुर्गच्या डॉक्टरांनी थर्मामीटर लावला, तर ताप भरपूर आणि माणूस गप्पा मारतोय. त्यांनी सोलापूरला एक्स-रे काढायला पाठवलं. तिथला डॉक्टर फोटो उजेडाला धरून बराच वेळ पाहत बसला. गळ्याखालचं हाड एकाच जागी पुन:पुन्हा मोडून जुळलेलं, म्हणाला. वर एक गाठच झाली होती. मग ह्यांना बाहेर बसवून मला हळूच विचारलं, "घरी मारहाण होते का? कोण मारतं यांना?" म्हणजे माझ्यावरच संशय! मी म्हटलं, "मी कशाला मारू? जिला मारायचंय ती माळावर आहे." तो काही समजला नाही. एवढं मात्र म्हणाला, की हे हाड आणखी मोडत राहिलं तर एक दिवस आतली शीर फाटेल, आणि मग माणूस हाती लागणार नाही.

परत येताना एसटीत मी त्यांचा हात घट्ट धरून बसले होते. घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या पाट्यावर चटणी वाटत होत्या. वरवंटा तसाच थांबला.

"यात्रंत त्येला उटवताना काय म्हनलीस तू?"

मी सांगितलं.

"आगं, अहो म्हनून कसं चालंल? अहो काय येकट्याचं नाव हाय? गावातल्या समद्या बायका अहोच म्हनत्यात. त्यो आर्धाच उटला बग. आर्धा तसाच ऱ्हायला."

"मग आता तुम्हीच हाक मारा की, आत्याबाई."

"लगीन झाल्यावर आईची हाक पोचत न्हाय." हे म्हणताना त्यांचा आवाज कापला. मला मात्र, आईसमोर असं वाटायला नको, पण बरं वाटलं. "त्यो तसा आसतानाच तू नावानं बोलवायचं. त्यो यील. त्येला यावंच लागतंय, मन असो का नसो. येकदा तसा आला, की तिकडची वाट बंद झाली समज."

म्हणजे किल्ली माझ्या हातात होती. तुम्ही म्हणाल, मग दुसऱ्याच दिवशी का नाही गेलीस? नाही गेले. मन असो का नसो, हे शब्द मला टोचत राहिले. हाक मारून बैल येतो, कुत्रं येतं. माझा नवरा मला आपण होऊन यायला हवा होता. तिच्यासमोर, तिला सोडून, मी काही न बोलता. मी रोज गरम भाकरी करून दारात बसायची आणि मनात म्हणायची, आज जाणार नाहीत. ते जायचे. त्यांची बरगडी न् बरगडी मोजता यायला लागली आणि मी हट्ट धरून बसले होते. डॉक्टरचं बोलणं डोक्यात होतं, तरी.

फाल्गुन लागला. दरवर्षीसारखी रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती. खतासाठी धनगरांची मेंढरं रानात बसवतात, तशी. त्यांच्यातला म्होरक्या बिरूमामा, ओळखीचा, दरसालचा. एके दिवशी दुपारच्या तोंडाला तो दारात आला. तोंड उतरलेलं.

"वैनी, मालक हायती का?"

"रानात गेलेत. का हो मामा?"

"लांडगीन लई माजलीया. चार-पाच कोकरं नेली. पिल्लं हायती तिला, घळीत कुटंतरी बीळ आसल. आज धूर करून बाहीर काडतो. कुऱ्हाडी घिऊन पोरं येऊ लागलीत. तुमाला ठावं हाय का, कंच्या अंगाला ऱ्हाती?"

मला ठाऊक होतं. घळीच्या कोणत्या कपारीत ती राहते, हे माझ्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. मी इतक्यांदा लपून पाहिलं होतं. एक बोट दाखवायचा अवकाश, की संध्याकाळपर्यंत माझी सवत मेलेली. देवाशप्पथ सांगते, हात उचललाही होता. मग आठवलं, सूर्य डोक्यावर यायला आला आहे आणि हे आता रानात नाही, माळावर असणार.

"मला नाही ठाऊक," मी म्हटलं. "आधी चहा घ्या मामा, पोरांनाही बोलवा." चहाचं आधण सासूबाईंवर सोपवलं आणि मी मागच्या दारानं निघाले. अनवाणी. कुसळं पायात घुसत होती, पदर तरवडात अडकून फाटला. बोरीखाली धोतराची घडी होती, वर दगड.

घळीच्या काठावर पोचले तेव्हा धाप लागून बोलता येत नव्हतं. खाली कपारीच्या तोंडाशी ते दोघं होते. ती पसरलेली, पिल्लं तिच्या पोटाशी, आणि हे जरा वर, दगडावर, राखण करत बसलेले. त्यांची मान ताठ होती, कान उभे. इतकं तृप्त मी त्यांना घरात कधी पाहिलं नव्हतं. पिल्लं कुणाची, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

माझ्या मागं गावाकडून माणसांचे आवाज यायला लागले. चहा पिऊन झाला होता.

मी काठावर उभी राहिले आणि ओरडले, "हणमंता!"

आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी झटक्यात वर पाहिलं. लांडगीण उठून उभी राहिली. "हणमंता, ऊठ! घरी चल!"

ते उठले. चार पावलं माझ्याकडे टाकली आणि थांबले. मागं वळून तिच्याकडे पाहिलं. तिनं तोच आवाज काढला, घशातला, लाडाचा. ते दोघींच्या मध्ये उभे, आणि मला कळेना की मी आणखी हाक मारावी की थांबावं. थांबून पाहायची फार इच्छा होती. खरंच फार होती. पण कुऱ्हाडी येत होत्या. मी तिसऱ्यांदा नाव घेतलं.

आणि ते आले. चढ चढत, पाय ओढत आले, आणि माझ्या पायाशी पोचता पोचता मोडायला लागले. एरवी एकामागून एक व्हायचं ते सगळं एकदमच. खांदे बाहेर फेकले गेले, जबडा मागं सरकला, तोंडातून दात पडले, अंगावरचे केस पुंजक्या-पुंजक्यानं गळून कुसळांत मिसळले. मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्या तोंडून बाहेर पडलेला पहिला शब्द 'जी' होता. पौषातला राहिलेला.

खाली पाहिलं तर कपार रिकामी. माझ्या ओरडण्यानं ती सावध झाली होती आणि पिल्लं तोंडात धरून, एकेक करून, पलीकडे नेत होती. तिला वाचवायचं माझ्या मनात नव्हतं, हे इथं लिहून ठेवते. ते आपोआप झालं.

बिरूमामा आणि पोरं धूर घालायचं सामान घेऊन काठावर आली, तर काय पाहतात? भर दुपारी, उघड्या माळावर, मालक उघडेबंब आणि मालकीण फाटक्या लुगड्यानं त्यांना कुशीत घेऊन बसलेली! पोरं फिदीफिदी हसत मागं पळाली. बिरूमामा तोंड फिरवून म्हणाला, "वैनी, घर हाय की तुमाला चांगलं पत्र्याचं." ही गोष्ट गावात कितीतरी वर्षं चालली. नव्या नवरीला सुद्धा सांगत. मी काही बोलत नसे, उलट बरंच वाटायचं. गाव चिडवत होतं ते माझ्यावरून, तिच्यावरून नव्हे.

त्यानंतर हे कधीही माळावर गेले नाहीत. पुढच्या पौषापासून मीच सगळ्यांसमोर खणखणीत नावानं उठवायला लागले. शरीर मात्र पूर्ण भरून आलं नाही. पुढचे दात गेले ते गेलेच. चालताना टाच टेकत नसे. उन्हाळ्यात घाम यायचा नाही, मग ओला पंचा डोक्यावर घेऊन तोंड उघडं टाकून बसायचे. आणि लाल रंग परत आला नाही. एकदा सोलापूरहून लाल लुगडं आणा म्हटलं, तर शेणाच्या रंगाचं घेऊन आले, आणि किती हौसेनं! मी ते फाटेपर्यंत नेसले. 'कुंकू कसं दिसतंय' विचारलं की 'लाल' म्हणायचे. कुंकू लाल असतं, हे कुणीही सांगेल.

मुलं झाली, त्यांची लग्नं झाली. मी चांगला संसार केला. पण एका दुपारी हे ओट्यावर बसून माळाकडे पाहत होते, तेव्हा न राहवून विचारलं, "त्या दिवशी मी हाक मारली नसती, तर आला असता का?"

ते हसले. दात नसल्यानं त्यांचं हसू फार गोड दिसायचं.

"तू हाक मारलीस न्हवं?" म्हणाले, आणि पुन्हा माळाकडे पाहायला लागले.

एवढंच उत्तर. ते गेल्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझा पुतण्या डॉक्टर आहे, तो म्हणतो असं शरीर होऊच शकत नाही, एक्स-रे दाखवा. एक्स-रे ओल लागून खराब झाला. तुमच्यातला कुणी याला रोगाचं नाव देईल, कुणी देवाचा कोप म्हणेल, कुणी म्हणेल म्हातारीला भ्रम झाला. माझ्याकडे काही खुलासा नाही, आणि माणसाचा लांडगा कसा होतो हे मला कळायलाही नको. मला जे कळायला हवं होतं, त्याचं उत्तर ते बरोबर घेऊन गेले.

एक मात्र मी अजून करते. सासरी गेले की दुपारच्या वेळी माळाकडच्या दारात उभी राहते आणि मोठ्यानं त्यांचं नाव घेते. सुनांना वाटतं, म्हातारीला आठवण येते. आठवण येते हे खरंच आहे. पण ती हाक त्यांच्यासाठी नसते. लांडगीण तिथं उरली नसणार, तिची पिल्लंही नसणार. पण त्यांची पिल्लं असतील, त्यांच्या पिल्लांची असतील. त्यांना ऐकू जावी म्हणून मारते. तो नावाला बांधलेला होता, त्याला यावंच लागलं, हे त्या लांडगिणीला कुणी सांगितलं असणार? तिनं डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की एक बाई आली, ओरडली, आणि हा तिला सोडून त्या बाईकडे चढून गेला. तिला वाटलं असेल, त्यानं त्या बाईला, म्हणजे मला, निवडलं.

निदान तिला तरी तसं वाटलेलं असू दे.